देवळीपाशी बंद पडणारी गाडी

लान-च्यूचा सगळा संसार नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसण्यात गेला. एक हात तेंग-वांगच्या कमरेला, दुसरा मांडीवरच्या टोपलीला. टोपलीत बांबूचे कोवळे कोंब. गाडी कुठे धापा टाकते, कुठे गिअर बदलते, हे तिला पाठीमागे बसून अंगवळणी पडलं होतं. हँडल मात्र तिनं कधी धरलं नव्हतं. हिवाळ्यात तेंग-वांग गेला आणि गाडी पडवीत प्लॅस्टिकच्या कागदाखाली उभी राहिली.

मुलगा वेन-छी शहरात राहायचा. दिवसकार्य झाल्यावर त्यानं विषय काढला.

"आई, तू आमच्याकडे चल. बांबूचं बन वर डोंगरावर, घर खाली. तुला वर नेणार कोण आता?"

"गाडी आहे की."

"चालवणार कोण? ती गाडी माझ्याहून म्हातारी आहे."

"म्हातारी असली तरी तुझ्यासारखी रात्री अंथरूण ओलं नाही केलं तिनं कधी."

सून तोंड फिरवून हसली. वेन-छी हसला नाही. बापाचं दुखणं त्यानं जवळून पाहिलं होतं, आणि आई एकटी डोंगरावर कुठे पडून राहिली तर, ही धास्ती त्याला झोपू देत नव्हती. बरीच बोलाचाली होऊन शेवटी ठरलं ते असं. छिंगमिंगच्या दिवशी सगळं घर डोंगरावर पूर्वजांची थडगी झाडायला जातं. त्या दिवशी लान-च्यूनं स्वतः गाडी चालवत वर यायचं. न थांबता आली तर घर आणि बन तिचं. वाटेत गाडी बंद पडली, तर त्याच दिवशी बोचकं बांधून शहरात.

गाडी शिकवायला फू-शेंग होता. डोंगराच्या पायथ्याशी, पेट्रोलपंपाला लागून त्याचं गॅरेज. तेंग-वांग आणि तो एकाच चिखलात खेळलेले.

"वहिनी, क्लच हळू सोडा! कोंबडीची मान मुरगळताय का?"

"कोंबडी बरी, मुरगळली की गप्प तरी बसते."

मंदिराच्या अंगणात पडत-धडपडत ती शिकली. परवान्याच्या परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा सुटली. गॅरेजमध्ये स्टुलावर बसून तिनं प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासायला शिकून घेतलं, चेन बोटानं दाबून किती सैल ठेवायची ते शिकून घेतलं. काम तसं भाजी निवडण्यासारखंच होतं, हात काळे होत एवढंच.

पहिल्यांदा वर जायच्या आधी तिनं गाडीला एक गोष्ट लावली. तेंग-वांग इस्पितळात असताना तिनं गावच्या मंदिरातून मंतरलेला पिवळा कागद आणून त्याच्या उशाखाली ठेवला होता. शेवटी शेवटी तो म्हणाला होता, "मला आता त्याचा काय उपयोग. गाडीला लाव. तिच्यावर आता तूच बसशील." तो कागद तिनं पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर बसवला. गाडी उभी असली की तेंग-वांगचा तळवा तिथंच टेकलेला असायचा. पावसानं अक्षरं धुऊन जाऊ नयेत म्हणून वरून चिकटपट्टी लावली आणि कडा नखानं घट्ट दाबल्या.

आणि गाडी बंद पडायला लागली.

आलुबुखारांच्या बागा मागे पडल्या की चढावर एक वळण आहे. तिथं भूमिदेवाची गुडघ्याएवढी देवळी आहे. बरोबर तिथं आलं की इंजिन धापा टाकायचं, दोन आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. लान-च्यूनं किक मारून मारून पोटऱ्या दुखवून घेतल्या. काही केल्या चालू होईना. शेवटी तिनं देवळीपुढे उदबत्ती लावली, हात जोडले आणि बसून राहिली. उदबत्ती जळून गेल्यावर किक मारली, तर पहिल्या किकला गाडी सुरू!

पुढच्या खेपेला तसंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच.

फू-शेंगनं कार्बोरेटर खोलून धुतला. प्लग नवा घातला. टाकी उघडून आत टॉर्च मारला, तळाशी गंज नव्हता. मग गावातून दोन चकरा मारून आला. गाडी लोण्यासारखी चालली.

"वहिनी, दोष गाडीत नाही." त्यानं फडक्याला हात पुसले आणि आवाज खाली आणला. "तेंग-वांग त्या वळणावर सिगरेट ओढायला थांबायचा ना?"

"थांबायचा. नेहमी."

"मग तोच थांबवत असणार. त्याच्या हातात ही गाडी कधी बंद पडली नाही."

लान-च्यूच्याही मनात तेच आलं होतं, फक्त उच्चारायचं धाडस झालं नव्हतं. त्यानंतर वर जाताना ती टोपलीत उदबत्त्यांचा पुडा ठेवू लागली. वळणावर गाडी थांबली की उदबत्ती लावायची, दगडावर बसायचं आणि बोलायचं. यंदा कोंब उशिरा आले. रानडुकरांनी कुंपण मोडलं. सून पुन्हा गरोदर आहे, तुमच्या मुलानं मला अजून सांगितलेलं नाही, पण मला दिसतं. घरात फोटोपुढे तिला असं बोलता येत नसे. वळणावर यायचं.

पण छिंगमिंग जवळ आला तशी ती वळणावर वेगळंच बोलू लागली. "अहो, एक दिवस मला जाऊ द्या," ती विनवायची. "त्या दिवशी थांबवलंत तर मला इथून कायमचं जावं लागेल." देवळीतला म्हातारा देव पांढऱ्या दाढीत हसत राहायचा. गाडी पुढल्या खेपेला पुन्हा तिथंच थांबायची.

सणाच्या आदल्या दिवशी ती थडग्यावरचं गवत कापून ठेवायला निघाली. डोंगरावर धुकं होतं. वळणावर गाडी थांबली. तिनं पुडा काढला, तर उदबत्त्या ओलसर. काडेपेटीतल्या काड्या संपल्या, एकही उदबत्ती पेटली नाही. आता देवाला सांगायचं तरी कसं? काहीतरी करायला हवं म्हणून तिनं पेट्रोल पाहायला टाकीचं झाकण फिरवलं. झाकण आत ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं होतं. जोर लावला तसा टाकीनं श्वास घेतला, लांब, "स्सूऽऽ."

झाकण हातात धरून लान-च्यू तशीच उभी राहिली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता.

तेलाचा डबा! पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल जरा वेळ येतं आणि मग अडतं. समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडून वारा आत सोडावा लागतो. ती नवी सून होती तेव्हा सासू म्हणायची, "एका भोकाचा डबा आणि मुकी बाई सारखीच गं. आतलं आतच राहतं."

तिनं झाकण लावलं आणि किक मारली. गाडी सुरू झाली. उदबत्तीशिवाय.

तिनं इंजिन बंद केलं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ती दगडावर बसली. म्हणजे तेंग-वांग थांबवत नव्हता. मग इतके दिवस ती सगळं सांगत होती ते कुणाला?

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. झाकणावर बोट फिरवलं. चिकटपट्टी आणि कागदाच्या खाली बारीकसा खळगा लागला. वारा आत जायची वाट तीच, आणि तिनंच ती नखानं दाबून बुजवली होती. घरापासून वळणापर्यंत येता येता टाकीतला वारा संपायचा आणि उदबत्ती जळेपर्यंत कडेनं थोडा झिरपायचा. कागद काढायला हवा. पण तो त्याच्या उशाखालचा होता.

देवळीत कौल लावायचे दोन लाकडी चंद्रकोर ठोकळे होते. ते तिनं ओंजळीत घेतले.

"कागद काढू?" तिनं ठोकळे टाकले. दोन्हींची फुगीर बाजू वर. नाही.

"मग गाडी अशीच बंद पडू देऊ?" दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे कौल नाही, देव नुसता हसला.

"हसायला काय झालं तुम्हाला? बोचकं मला बांधायचंय." ती खरोखरच चिडली होती. मग थांबली, डब्याचा विचार केला आणि हळू आवाजात विचारलं, "एक भोक पाडलं तर चालेल?"

एक ठोकळा सपाट, एक फुगीर. हो.

तिनं केसातली पिन काढली, खळग्यावर धरली आणि दाबली. तेंग-वांगला सुई टोचताना नर्स दाबायची, तितक्या हळू.

छिंगमिंगला तिनं सामान मागे बांधलं. जाळायचे सोनेरी कागद, फळं, शेंगदाण्याचं कूट भरलेल्या पातळ पोळ्यांच्या गुंडाळ्या. मागे वेन-छीची मोटार. गॅरेजच्या दारातून फू-शेंग ओरडला, "वहिनी, वळणासाठी उदबत्त्या घेतल्यात का?"

"थडग्यासाठी घेतल्यात!"

बागा मागे पडल्या. चढ लागला. तिचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता. देवळी आली. इंजिन एका लयीत चालत राहिलं. देवळी गेली. लान-च्यूच्या पाठीला अचानक थंड वारा लागला. मागे सामान होतं, तरी मागचं बसायचं आसन रिकामं असल्याचं तिला त्या वळणावर पहिल्यांदा जाणवलं.

वर पोचल्यावर वेन-छी गाडीभोवती एक फेरी मारून आला. गरम इंजिनाजवळ हात धरून पाहिला.

"फू-शेंगकाका म्हणाले होते वळणावर बंद पडते म्हणून."

"पडायची."

त्यानं विळा उचलला आणि थडग्याच्या कडेचं उरलेलं गवत कापायला लागला. बराच वेळ कापत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "पावसात तरी एकटी वर येत जाऊ नकोस."

"नाही येणार," लान-च्यू म्हणाली.

परतताना ती पुढे होती. वळणावर तिनं गाडी कडेला घेतली आणि चावी फिरवली. मागे मोटार करकचून थांबली, काच खाली आली.

"बंद पडली?" वेन-छीचा आवाज घाबरलेला होता.

"नाही रे. मी बंद केली."

तिनं थडग्यावर लावून उरलेली एक उदबत्ती काढली. वेन-छीनं मोटार बंद केली. मग उतरून आला, तिच्या शेजारी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. त्याचा बाप तसाच बसायचा.

"काड्या उरल्यात का तुझ्याकडे?" तिनं विचारलं. "माझ्या काल संपल्या."