परीक्षेआधीच शूर

गोपालची फौजेत निवड झाली आणि साखरखेर्ड्यानं जणू लढाईच जिंकली. खरं तर पोरगा नुसता धावण्यात आणि लेखी परीक्षेत पास झाला होता. ट्रेनिंग सगळं बाकीच होतं. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली, डीजे वाजला, स्टँडवर फ्लेक्स लागला: ‘सीमेचा वाघ’. वाघ एका कोपऱ्यात, मधोमध हरिओमभाऊ. हे जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी कुणाच्याही बारशाला हजर असतात.

ट्रेनिंग सेंटरात वाघाचे केस उतरवले आणि पहाटेपासून पळवायला सुरुवात केली. कवायतीत पाय चुकला की चिखलात कोलांट्या. ते त्यानं सोसलं. भाजीवाल्याचं पोर, वांग्यांची क्रेट वाहतच वाढलेलं. अडलं ते नेमबाजीत. घोडा दाबताना त्याचे डोळे आपोआप मिटायचे. उस्ताद खेकसायचा, “दुश्मन से शरमाता है क्या?” नेमबाजीत नापास म्हणजे मागच्या तुकडीत, तिथंही तेच झालं की घरी.

रविवारी फोन करायची परवानगी असायची. त्याचा बाप शेषराव, आमचा शेजारी, ओट्यावर स्पीकर लावून बसायचा. पोरगं जेवलं का, झोपलं का, हे त्या शहाण्यानं कधी विचारलं नाही.

“बंदुकीसंग फोटो पाठव ना बे. हरिओमभाऊ मांगून राह्यले.”

एकदा गोपालनं मला वेगळा फोन केला. “काका, नापास झालो तं मी गावात येत नाही. कोन्या तोंडानं येऊ? तुम्ही मायले समजावून सांगजा.” मला गावाची किळस आली. ज्यांनी उभ्या जन्मात त्याच्या बापाची भाजी घासाघीस केल्याशिवाय घेतली नाही, त्यांच्या भीतीनं हे पोर घर सोडायला निघालं होतं.

मग तो रात्रंदिवस रिकाम्या बंदुकीवर सराव करत राहिला आणि पास झाला.

ट्रेनिंग संपवून पलटणीत रुजू झाला, तेवढ्यात सीमेवर तणाव वाढला. गावातल्या समद्या शूरांनी मोबाइलवर ‘घुसून मारा’ची स्टेटसं लावली, त्यातल्या अर्ध्यांना विहिरीत वाकून पाहायची भीती. गोपालच्या पलटणीला पुढं जायचा हुकूम आला. त्या रविवारी ओटा भरला होता. हरिओमभाऊ हार घेऊनच आले होते, कुणासाठी ते त्यांनाच ठाऊक.

“बाबा, उद्या निघून राह्यलो,” फोनवर गोपाल म्हणाला.

शेषरावानं मिशीवर ताव देत लोकांकडं पाहिलं. “गावाचं नाव राख बरं.” टाळ्या पडल्या.

गोपालची माय पुष्पाबाई आतून आली. कधी चारचौघांत न बोलणारी बाई. तिनं नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

“गोपाल, आता नापास होता येत नाही काय रे?”



“नाही वं माय,” तो म्हणाला. “मले लय भेव लागून राह्यलं.”

हरिओमभाऊंनी हार पिशवीत घातला. “तो स्पीकर बंद करा हो,” ते म्हणाले.