मागून येणारा करंट

माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या अस्थी प्रवरासंगमला सोडून मी नगरच्या एसटीत बसले होते. डोळे कोरडेच होते. शेजारी डिप्लोमाची एक मुलगी पेपरला निघाली होती. तिने एक पेन माझ्या हातात आडवं धरायला दिलं.

“काकू, हे व्होल्टेज. हलवू नका हं.” दुसरं पेन ती डोळे मिटून, पुटपुटत काटकोनात खाली, म्हणजे आकृतीतल्या मागच्या बाजूला, वळवायची. “हा करंट. कॉइलमधी तो मागं ऱ्हातो.”

याच विषयात ती मागे नापास झाली होती. घरची विहिरीवरची मोटर तीच चालू करायची. बटण दाबलं की स्टार्टरवरचा अँपिअरचा काटा उसळतो आणि व्होल्टचा खाली येतो, हे तिचं रोजचं पाहणं. म्हणून मागच्या पेपरात तिने आकृतीत करंट व्होल्टेजच्या पुढे काढला होता.

“आता ह्यो इषय ऱ्हायला तर घरचे म्हनत्यात, शिक्षन बास.”

एसटी खड्ड्यात आदळली आणि माझा हात खाली गेला. “काकू, तुमचं व्होल्टेज पडलं की!” ती हसली.

मी विचारलं, “मागं का राहतो गं तो?”

“कॉइल अडवती त्याला. पन थांबत न्हाई तो. उशिरा का हुईना, येतोच.”

कॉलेजपाशी उतरताना तिने पेनांशिवाय, नुसत्या हातांनी पुन्हा करून दाखवलं. करंटचा हात बरोबर मागे होता. मग ती फाटकाकडे पळाली. पेपरातही तिला हे आठवावं म्हणून मी हात जोडले, आणि दादा गेल्यानंतर पहिल्यांदाच मला रडू आलं.