वायरलेसवरचं नाव

नोलारीच्या नवऱ्याचं नाव या गोष्टीत येणार नाही. आम्हा मसाईंत मेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्याला ऐकू जातं, आणि ऐकू गेलं की तो येतो, असं बापजादे सांगत आले. म्हणून माणूस गेला की त्याला दुसरं नाव देतात. ते त्याला माहीत नसतं, त्यामुळे दिवसातून दहादा घेतलं तरी तो आपला निवांत पडून राहतो. नोलारीच्या नवऱ्याला कुयोनी हे नाव दिलं. आपणही कुयोनीच म्हणू, म्हणजे कोणाचं बिघडायला नको.

कुयोनी हयातभर अभयारण्य बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून जनावरं शोधून द्यायचा. गाडी चालवायला वाचिरा. वाचिरा वरच्या डोंगराकडच्या किकुयू जमातीचा, तोंडाला खळ नसलेला. कुयोनी मसाई, सकाळपासून चार शब्द बोलला तर बोलला. त्या दोघांचा संसार इतका जुना, की लोक त्यांना नवरा-बायको म्हणून चिडवायचे. कुयोनीच्या डाव्या कानाची पाळी तरुणपणी कुठल्याशा मारामारीत फाटली होती आणि तिचे दोन तुकडे चालताना वेगवेगळे हलायचे. छातीच्या दुखण्याने तो गेला तेव्हा वाचिरा सगळ्यांत मागे उभा राहून रडला. पुढे यावं की नाही ते त्याला कळेना.

नोलारी तशी खमकी बाई. अभयारण्याच्या फाटकाशी पाहुण्यांना दाखवायला जी मसाई वस्ती आहे, तिथली निम्मी घरं तिच्या हातची. आमच्यात घर बाई बांधते, काटक्यांचं आणि शेणाचं, आणि नोलारीचं छप्पर गळल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. सकाळभर हत्ती-सिंह बघून उन्हाने लाल झालेले पाहुणे दुपारी वस्तीवर येतात. बायका ओळीने उभ्या राहून स्वागताचं गाणं म्हणतात, ते नोलारी उचलते. मग तिचा मुलगा सादेरा पाहुण्यांना घरात नेतो, काडीवर काडी घासून जाळ करून दाखवतो, आणि नोलारी व तिची धाकटी सवत नासिएकू मण्यांच्या माळा मांडून बसतात.

अशाच एका दुपारी गाणं रंगात आलं असताना उभ्या जीपमधला वायरलेस खरखरला. कोणीतरी ड्रायव्हर दुसऱ्याला सांगत होता की अमका दलदलीच्या काठाला आलाय, एकटाच आहे, पाहुण्यांना घेऊन लवकर ये. तो अमका म्हणजे नोलारीच्या नवऱ्याचं नाव. नवं नाव नव्हे, जुनं, आईबापांनी ठेवलेलं. नोलारीचं गाणं तिथेच तुटलं. बाकीच्या बायकांनी कसंबसं ते पुढे ओढलं, आणि पाहुण्यांना वाटलं की गाणं असंच असतं.

संध्याकाळी तिने सादेराला धरलं. आधी तो उडवाउडवी करत होता, मग त्याने सांगून टाकलं. हत्ती आहे, म्हणाला. म्हातारा, कळपातून सुटलेला, डावा कान उभा फाटलेला. वाचिराने त्याला हे नाव ठेवलं आणि ते ड्रायव्हरांच्या तोंडी बसलं. आता तर पाहुणेच येऊन विचारतात, आज तो दिसेल का. पाहुणे उतरतात त्या लॉजच्या फळ्यावरसुद्धा रोज खडूने लिहितात, तो कुठे दिसला ते.

"तुला माहीत होतं?" नोलारीने विचारलं.

"आई, हत्ती आहे तो. बाबा नाहीत."

"मग बाबांच्या नावाने का फिरतो?"

 सादेरा वासरं बांधायला म्हणून उठून गेला.

त्या दिवसापासून नोलारीच्या जिवाला थारा राहिला नाही. बसली की उठायची, उठली की फाटकापर्यंत जाऊन यायची. लग्नाच्या माळेत निळ्यानंतर पांढरा यायचा तिथे लाल ओवून ठेवायची आणि मग अख्खी माळ उसवत बसायची. झोप उडाली. जीपचा आवाज आला की तिचे कान टवकारायचे, आणि दिवसातून कितीतरी जीपा यायच्या. ज्या माणसाला विसावा मिळावा म्हणून घरादाराने जीभ आवरली, त्याला परके लोक सगळ्या माळरानावर हाका मारत सुटले होते. त्यात उन्हाळा कडक पडला आणि तो हत्ती बाभळीच्या शेंगा खायला पार वस्तीच्या काटेरी कुंपणापर्यंत येऊ लागला. चारा संपला म्हणून येतो, असं सगळे म्हणाले. नोलारीला ते पटेना. इतक्यांदा बोलावल्यावर दगडसुद्धा येईल, असं ती मनाशी म्हणायची.

नासिएकूने तिला एकदा हसवायला म्हटलं, "अगं, जिवंतपणी जेवायला हाक मारली तर यायचा नाही. आता बरा येईल!" नोलारी हसली. पण त्या दिवशी तिने भाकरतुकडा काही तोंडात घातला नाही.

शेवटी ती वडीलधाऱ्यांकडे गेली. झाडाखाली बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, वाईट झालं म्हणाले, आणि मग इकडेतिकडे बघायला लागले. पाहुण्यांमुळे पोरांच्या शाळा चालतात, दवाखाना चालतो. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे त्यांनी तोंडाने म्हटलं नाही एवढंच.

हे कानावर गेल्यापासून वाचिरा वस्तीवर यायचं टाळू लागला होता. आला तरी जीपमधून उतरायचा नाही. एक दिवस नोलारीने गाणं अर्धवट टाकलं, सरळ जीपचं दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. कुयोनीच्या सीटवर.

"वहिनी, पाहुणे आहेत," वाचिरा पुटपुटला.

"ते माळा बघतायत. नासिएकू त्यांना सुखासुखी सोडत नसते." नोलारीने दार ओढून घेतलं. "तू माझ्या नवऱ्याला धड मरूही देत नाहीस, वाचिरा. काय वाईट केलं होतं त्याने तुझं?"

वाचिरा स्टिअरिंगवरची धूळ बोटाने पुसू लागला. 

"आमच्यात उलटं आहे, वहिनी," तो म्हणाला. "आजोबाचं नाव नातवाला, मामाचं भाच्याला. नाव थांबलं की माणूस संपला. माझ्या घरातल्या पोरांची नावं कोणाकोणाची ठेवायची ते आधीच ठरलेलं, मित्राच्या नावाला जागा नव्हती. आणि मग हा दिसला. तो कान बघितला आणि तोंडातून निघून गेलं. वाटलं, चला, रोज एकदा तरी घेता येईल. ही सीट रिकामी असते हो दिवसभर."

नोलारी भांडायच्या तयारीने आली होती. पण माणूस असं बोलल्यावर भांडायचं कुठून?  तिने वेगळंच विचारलं. "हाक मारल्यावर तो येतो का?"

"हत्ती कसला येतोय? कधीतरी बघतो मान वर करून, एवढंच."

हे त्याने बोलायला नको होतं. नोलारीचा चेहरा पालटला.

"मला तिथे घेऊन चल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना लॉजवर सोडून वाचिरा तिला घ्यायला आला. जन्म अभयारण्याच्या कडेला गेला, पण पाहुण्यांसारखी जीपमध्ये बसून ती कधी आत गेली नव्हती. वाटेत झेब्रे होते, रानम्हशी होत्या, झाडाखाली पोट वर करून सिंहीण पसरली होती. सवयीने वाचिरा गाडी हळू करायचा. तिने एकीकडेही मान वळवली नाही. निघताना कुंपणाजवळचं मूठभर गवत तिने उपटून घेतलं होतं, ते हातात घट्ट धरून ती बसली होती. आमच्यात गवत हातात असलं की भांडण नाही.

दलदलीच्या काठाला तो उभा होता. पोटापर्यंत हिरव्यात, पाठीवर बगळे. कान खरोखरच तसा फाटलेला होता, आणि त्याचे दोन तुकडे वेगवेगळे हलत होते.  नोलारी सीटवर उभी राहिली, उघड्या छतातून तिने अंग बाहेर काढलं आणि नाव घेतलं.

लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी नावाने हाक मारली नव्हती, सादेराचे बाबा म्हणायची. ते नाव तिच्या तोंडाच्या सवयीचं नव्हतं. आवाज चिरकला. हत्तीने सोंडेने गवत उपटलं, पायावर आपटून चिखल झाडला आणि खाल्लं. तिने पुन्हा हाक मारली. या वेळी गाणं उचलायचा आवाज लावला, जो वस्तीच्या या टोकाला लावला की त्या टोकाला जातो. बगळे उडाले. हत्तीने तिच्याकडे पाठ केली आणि तो आरामात आणखी आत चालत गेला.

"बघितलंत ना?" वाचिरा हलकेच म्हणाला. "नुसता हत्ती आहे. आता तरी जीव भांड्यात पडला ना?"

नोलारी खाली बसली. मुठीतलं गवत तिने मांडीवर ठेवलं.

"मला वाटलं होतं वळेल," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

परत जा, इथे येत जाऊ नकोस, असं त्याला सांगायला ती आली होती. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. इतके दिवस फाटकाकडे डोळे लावून बसायची ते भीतीने, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं आणि स्वतःलाही. भीती होती, नाही असं नाही. पण नुसती भीती असती, तर ज्या दिवशी जीपा उशिरा यायच्या त्या दिवशी ती इतकी कासावीस झाली नसती.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. कोणीतरी विचारत होता, तो कुठे आहे, आणि अर्थातच जुन्या नावाने. वाचिराने माईक उचलला. एकदा नोलारीकडे बघितलं.

"कुयोनी दलदलीत आहे," तो म्हणाला.

"कोण कुयोनी?"

"तोच, फाटक्या कानाचा. आजपासून त्याचं नाव कुयोनी. सगळ्यांना सांग."

"दिवसाढवळ्या चढवलीस का रे?" पलीकडून हसू आलं. पण वाचिराने दुसऱ्या दिवशीही तेच नाव घेतलं आणि तिसऱ्या दिवशीही. कोणी जुनं नाव घेतलं की अशा नावाचं जनावर इथे नाही, असं तो साफ सांगायचा. ड्रायव्हरांना काय, हे नाव तोंडात बसायला सोपं पडलं. लॉजच्या फळ्यावरही ते आलं. वडीलधाऱ्यांनी मान डोलावून समाधान व्यक्त केलं, जणू त्यांनीच सगळं जमवून आणलं होतं. सादेरा आईच्या नजरेला नजर देऊ लागला. पुढे पाऊस झाला, चारा उगवला आणि हत्ती कुंपणापाशी यायचा बंद झाला. आता नोलारीला झोप लागेल, असं जो तो म्हणत होता.

एका दुपारी गाणं आटोपून ती माळा मांडत होती. जीपमधला वायरलेस खरखरला. तिचा हात मण्यांवर थांबला, मान आपोआप वर झाली. कुयोनी पार डोंगराच्या बाजूला गेलाय, आज दिसायचा नाही, असं कोणीतरी सांगत होता. वायरलेस बंद झाला तरी ती जीपकडे बघतच राहिली.

"काय झालं गं?" नासिएकूने विचारलं.

"काही नाही," नोलारी म्हणाली. "आता त्याला त्याच्या नावाने कोणीच बोलावत नाही."