बंद पडलेल्या मालिकेचे भाग

मंडळी, दुपारी नशिराबादच्या लग्नाला जाऊन आले.

पंगतीत शेजारी शोभा बसली. नव्वदच्या दशकात जळगावात आम्ही एकाच गल्लीत राहायचो. टीव्हीवर कॉलेजच्या पोरापोरींची एक मालिका लागायची, ती बघायला शोभा रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची. कितीतरी वर्षं चालली. मग नट बदलले, बघणारे कमी झाले आणि मालिका दुपारी दोनला ढकलली.

शोभा तेव्हा डाळ मिलमध्ये कामाला. नववीतच शाळा सुटलेली. माझं कॉलेज सकाळचं, म्हणून संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिला दुपारचा भाग सांगायचे.

पुढे एक दिवस मालिका बंदच झाली. तिला सांगायचा माझा धीर होईना. मी मनानेच भाग रचत राहिले. नायिकेची एक शाळा सुटलेली मैत्रीण आणली आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून, शाळेत न जाता, तिला दहावी पास केलं.

आज वरणात बट्टी कुस्करता कुस्करता मी हे सगळं कबूल केलं.

शोभा हसली नाही. म्हणाली, "मले तव्हाच समजलं होतं. त्या पोरीले तू फॉर्म आणून दिला. मी वाट पाहत होती, मलेबी आणशीन म्हणून."

फॉर्म जिथे मिळायचा, ती शाळा माझ्या कॉलेजच्या रस्त्यावरच होती. रोज सायकलवर त्या शाळेसमोरूनच जायचे मी.