नाव लिहू नका

आम्ही शिक्षक वर्गात पोरांना बोलतं करतो आणि प्रशिक्षणात मात्र स्वतः मिठाची गुळणी धरून बसतो. मला याचा फार राग यायचा. कर्जतच्या प्रशिक्षणात बोलायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मी भिंतीवर पडदा लावून सांगितलं, “मनातलं मोबाइलवरून पाठवा, लगेच इथे दिसेल. नाव लिहू नका.”

पडदा भरभर भरला. ‘खूप छान मार्गदर्शन, मॅडम’ आणि खाली नाव, पद, शाळा, केंद्र, तालुका. मी अजून मार्गदर्शन सुरूही केलं नव्हतं! कुरकुर केली तर भिवपुरीकडचे एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “अगं, नाव नाय टाकलं तर आमी हजर हाय हे कळंल कसं?” हॉल हसला. मलाही हसू आवरेना.

तेवढ्यात एक संदेश आला. त्याखाली काहीच नव्हतं.

‘डोंगरातल्या आदिवासी वाडीच्या शाळेवर एकटी आहे. मुलांची बोली मला कळत नाही, माझी त्यांना. जूनपासून एक मूल माझ्याशी बोललेलं नाही. सोमवारी राजीनामा देणार आहे.’

सगळ्या माना गर्रकन मागे वळल्या. मागच्या रांगेत नव्याने लागलेल्या मुली बसल्या होत्या, सगळ्याच मोबाइलमध्ये डोकं घालून. नाव नको म्हणून मीच सांगितलं होतं, आणि इथे तर तिची शोधाशोध सुरू झाली.

“माना पुढे!” मी वर्गात ओरडते तशी ओरडले. “काही सुचत असेल तर लिहा.”

माना पुढे वळल्या. मग गुरुजींनी एका बोटाने टाइप केलं, ‘पहिल्या वर्षी मीही रडलोय. फळ्यावर खेकडा काढा, याला तुम्ही काय म्हणता असं मुलांना विचारा. त्यांचा शब्द आधी आपण शिकायचा.’ खाली नाव, पद, शाळा, सगळं.

पाठोपाठ खालापूरच्या एका बाईंचा संदेश आला. ‘माझी आई अशाच वाडीवरची, मला बोली येते. उद्या शनिवार, शाळा सुटली की डबा घेऊन येते तुमच्याकडे. फक्त कुठे यायचं ते कळवा.’

मी पडद्याकडे बघत उभी राहिले. माझं भाषण राहिलं ते राहिलंच.

थोड्या वेळाने पडद्यावर एक शब्द उमटला. ‘या.’ आणि त्याखाली नाव, पद, शाळा, केंद्र, तालुका.

एकही मान मागे वळली नाही.