ट्रॉलीच्या दांडीवरचे हात

त्या उपांत्य सामन्यातला गोल कोणत्या खेळाडूने मारला, हे मला आता सांगता येणार नाही. गोलानंतरची दोन-तीन सेकंदे मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. पोलीस सेवा सोडून मी पुन्हा विज्ञानाकडे वळले, त्याला काही काळ लोटला. त्या सामन्याच्या वेळी मी पदार्थविज्ञानातली पदवी घेऊन नुकतीच उपनिरीक्षक झाले होते आणि धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात माझी पहिलीच नेमणूक होती.

त्या भागात फुटबॉलच्या मैदानाला गॅलरी नसते. सामन्याच्या दिवशी ऊस वाहणाऱ्या दोन चाकी ट्रॉल्या मैदानाच्या कडेने एकामागे एक उभ्या करतात. त्यांत चढून लोक सामना पाहतात. गॅलरीही तीच आणि कुंपणही तेच. सकाळी मी स्वतः फिरून पाहणी केली. प्रत्येक ट्रॉलीच्या पुढच्या दांडीला ट्रॅक्टर जोडलेला होता, चाकांना दगड लावलेले होते. बंदोबस्ताच्या नोंदीत मी ‘व्यवस्था समाधानकारक’ असे लिहून सही केली.

सामना तालुक्याच्या संघाचा आणि शेजारच्या खेड्याच्या संघाचा होता. शेवटच्या मिनिटांत चेंडू दक्षिणेकडच्या गोलपाशी गेला. कोपऱ्यावरच्या ट्रॉलीतली तीस-चाळीस माणसे तो पाहायला मागच्या टोकाला धावली. तालुक्याच्या संघाने गोल केला, सगळ्यांनी एकदम उड्या मारल्या आणि ट्रॉलीचे मागचे टोक खाली आदळले. पुढची लोखंडी दांडी आभाळाकडे गेली. ट्रॉलीमागे जमिनीवर खुर्ची टाकून बसलेल्या एका निवृत्त मास्तरांचे पाय त्याखाली दाबले गेले. बाहेर पडायला दोन ट्रॉल्यांमधली एकच फट होती. तिथल्या रेटारेटीत आणखी काही जण जखमी झाले. मास्तरांना सोलापूरला हलवावे लागले.

तासाभरात ट्रॉलीमालक फिर्याद घेऊन ठाण्यात आला. तो संयोजकांपैकीच एक होता. खेड्याच्या संघाचा समर्थक असलेल्या एका तरुण वेल्डरने चिडून दांडी उचलली आणि ट्रॉली उलटवली, असे त्याचे म्हणणे. सोबत दोन साक्षीदार होते आणि त्या दोघांनीही वेल्डरचे हात दांडीवर पाहिले होते. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला, वेल्डरला अटक झाली. तपास माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला न्यायालयापुढे उभे करायचे होते, आणि ठाण्याच्या फाटकापाशी दोन्ही संघांचे लोक समोरासमोर जमू लागले होते.

“दांडीला हात का लावलास?” मी विचारले.

“दाबत हुतो, मॅडम. वर चालली हुती ती.”

आमचे हवालदार हसले. “एवढी माणसं भरलेली ट्रॉली तू एकटा दाबणार? पैलवान हाईस व्हय रं?”

“एकट्यानं न्हाय दबत, साहेब. म्हनून तर हाका मारत हुतो. कोनी आलंच न्हाय.”

मलाही ते पटले नाही. ‘आरोपी उडवाउडवीची उत्तरे देतो,’ असे मी लिहून ठेवले.

सकाळी मैदानाजवळ पेरू विकणारे एक चाचा ठाण्यात आले. रेटारेटीत हातगाडा मोडला, त्याची तक्रार द्यायची होती. ती लिहून झाल्यावरही ते उठेनात. मग आवाज उतरवून म्हणाले, “बेटी, एक बात बोलूं? उस ट्रॉली को ट्रॅक्टर कां था? हाफटाइमकोच गया ना, स्टेजच्या खुर्च्या आनायला.”

“चाचा, हे काल का नाही सांगितलंत?”

“कल कौन पूछा मेरेकू?”

मी तडक मैदान गाठले. ट्रॅक्टर सोडल्यावर दांडीखाली लावतात तो टेकू जिथे मातीत रुतला होता तो खड्डा तिथे होता. मागच्या फळीची खूणही ताजी होती. चाकांचे दगड जागचे हलले नव्हते. म्हणजे ट्रॉली सरकली नव्हती, तराजूसारखी कलली होती. ऊस भरताना पुढच्या बाजूला वजन ठेवायचे, हे तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. माणसे भरताना मात्र तीही वजनच असतात, हे कोणाच्या मनात आले नव्हते. माझ्याही नाही.

नंतर वेल्डरचा जप्त केलेला शर्ट मी पंचांसमोर पाहिला. छातीपासून पोटापर्यंत गंज आणि ग्रीसचा जाड पट्टा होता. खालून दांडी उचलणाऱ्याच्या पोटावर तो कशाला येईल?

खात्री करायला मागच्या फळीखाली वाळूची पोती रचून, ट्रॅक्टर न जोडता, ट्रॉली टेकूवर उभी केली आणि शिपायांना मागे चढवले. पुढे दांडीवर हवालदारांना ओणवे केले. शिपाई मागच्या टोकाला सरकताच दांडी हवालदारांना घेऊन वीतभर वर गेली.

“मॅडम, बास! उतरवा मला!” ते ओरडले. खाली आल्यावर त्यांनी गणवेशाकडे पाहिले. पोटावर तसाच पट्टा. “आता हे घरी कोण धुणार? तुम्ही या सांगायला.”

मग ट्रॉलीमालकाला बोलावले.

“ट्रॅक्टर कुठं होता?”

“जोडलेलाच व्हता की, मॅडम.”

“जोडलेला असेल तर दांडी कोणालाच उचलता येत नाही. मग त्यानं ती कशी उचलली?”

त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“आणि सोडला असेल, तर तुम्ही खोटी फिर्याद दिलीत. दोन्हींतलं एक निवडा.”

त्याने टोपी टेबलावर ठेवली. “धा मिन्टांत परत लावनार व्हतो,” तो अखेर म्हणाला.

अहवाल घेऊन मी निरीक्षकांकडे गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला. “सगळं चोख आहे. फक्त तुमच्या पाहणीची ओळ गाळा. नोकरी नवीन आहे तुमची.”

ओळ अशी होती : ‘सकाळी पाहणी केली, मध्यंतरात पुन्हा केली नाही. ही माझी चूक.’ मला वरच्या पदावर जायचे होते, पुढच्या परीक्षांची तयारी सुरू होती, आणि ही ओळ सेवापुस्तकात चिकटणार हे मी जाणून होते. पण मालकाचा दोष लिहायचा आणि माझा पुसायचा, तर वेल्डरच्या सुटकेचा कागदही संशयास्पद ठरला असता. ओळ राहिली. मला लेखी ताकीद मिळाली. त्या दुपारी न्यायालयाने वेल्डरला सोडले; पुढे निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर दाखल झाला. अंतिम सामन्याला मी ट्रॅक्टरच्या चाव्या बंदोबस्ताच्या टेबलावर जमा करून घेतल्या आणि दर दोन ट्रॉल्यांनंतर बाहेर पडायला वाट ठेवली.

साक्षीदारांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांनी हात पाहिले होते. जोर वर होता की खाली, हे त्यांच्या रागाने ठरवले. गर्दीत प्रत्येकाला थोडेसेच दिसते आणि उरलेले तो आपल्या बाजूने भरून काढतो. तपास अधिकारीही त्याला अपवाद नसतो.

सुटल्यावर वेल्डर न्यायालयाच्या पायऱ्यांवर थांबला. मला वाटले, काही सुनावेल. त्याने विचारले, “मास्तरांचे पाय कसे हाईत?”

“एक वाचला,” मी म्हणाले.

तो मान खाली घालून निघून गेला. मी त्याला आदल्या दिवसापासून वीसेक प्रश्न विचारले होते. त्यांतला एकही जखमी माणसाविषयी नव्हता.