ओसरीवरचा इंग्रजीचा तास

माझी एक विद्यार्थिनी चीनमध्ये आहे, हे मी कामरगावच्या स्टँडवर पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा कारंजाच्या जीपची वाट बघत बसलेल्या एका काकांनी मला खालून वर पाहिलं. "मॅडम, तुमी तिले चिनी शिकवता?" नाही काका, इंग्रजी. "मंग थे तुमाले चिनी शिकवते का?" आजूबाजूचे हसले, मीही हसले. पण राग आला होता, तो लपवत नाही. इथून कापूस जातो, तूर जाते, संत्री जातात. इंग्रजी जाईल यावर मात्र गावातल्या कुणाचा विश्वास बसेना.

खरं तर त्यांना तरी काय दोष द्यावा? मी इंग्रजीत एम. ए. केलं, बी. एड. केलं आणि तरी सोळा वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आहे. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाही तर घरची सून. मध्यंतरी कायम जागेची मुलाखत दिली होती. सगळी उत्तरं बरोबर आली. शेवटी समोरच्या एका गृहस्थांनी चष्मा काढला आणि गोड हसून म्हटलं, "ज्ञान चांगलं आहे मॅडम, पण तुमच्या इंग्रजीला गावाकडचा वास येतो." आता त्याला देण्यासारखी सहा उत्तरं माझ्याकडे तयार आहेत, पण ते गृहस्थ समोर नाहीत.

ही मुलगी मिळाली ती अशी. इंग्रजीच्या शिक्षकांचा एक ऑनलाइन गट आहे. तिथे आम्ही एकमेकांना स्वाध्याय पाठवतो, चुका काढतो. चुका काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गटातल्या एका चिनी बाईंना ते आवडलं. त्यांची भाची बारावीला होती. जूनमध्ये तिची कॉलेजप्रवेशाची मोठी परीक्षा होती आणि इंग्रजीचा पेपर तिला खाली ओढत होता. मुलीच्या आईनं होकार दिला, पण अटीवर. तीन महिने बघू, मग मी स्वतः तासाला बसेन. पटलं नाही तर दुसरा शिक्षक तयार आहे, तो गोरा आहे आणि त्याची इंग्रजी मायबोली आहे. हे शेवटचं त्यांनी मुद्दाम कळवलं असावं असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

म्हणून दर रविवारी सकाळी सात वाजता मी ओसरीवर बसू लागले. तिकडे तेव्हा साडेनऊ झालेले असत. ओसरीवर बसायचं कारण एवढंच, की आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त तिथे येते, तीही खांबाच्या उजव्या अंगाला. आणि खांबाच्या डाव्या अंगाला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सूप घेऊन बसलेल्या असत. ती जागा त्यांची माझ्याही लग्नाच्या आधीपासूनची. त्यांना ऊठ कोण म्हणणार?

पहिल्याच तासाला मी चाट पडले. पोरीला माझ्याइतकेच शब्द येत होते, कदाचित दोन जास्त. रिकाम्या जागा भरायला दिल्या तर पेन न उचलता वीसच्या वीस बरोबर. पण उतारा वाचून झाल्यावर मी विचारलं, "बरं, यात काय घडलं ते सांग," तर स्क्रीनवरचा चेहरा एकदम पाटी पुसल्यासारखा कोरा. "टीचर, पर्याय कुठे आहेत?" असं तिनं विचारलं.

हा प्रश्न मी ओळखला. माझी बारावीची पोरं हेच करतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की त्याच्या अलीकडचं पलीकडचं वाक्य उचलायचं, झालं उत्तर. उतारा वाचायची गरजच पडत नाही. हजारो मैलांवरची पोरगी अगदी आमच्या पोरांसारखी निघाली, याचा मला आनंद व्हावा की दुःख व्हावं ते कळेना.

चौथ्या रविवारी दीपगृहात एकटाच राहणाऱ्या एका म्हाताऱ्याचा उतारा होता. तो दर शनिवारी पायऱ्यांवर येऊन उभा राहतो. का, असा प्रश्न होता आणि चार पर्याय. पोरगी दहा मिनिटं अडकली. तेवढ्यात डावीकडून आवाज आला.

"काय म्हनते वं थे? काहून गप बसली?"

मी वैतागलेच होते. म्हटलं, आत्याबाई, एक म्हातारा आहे, समुद्रात उंच जागी दिवा लावायचं त्याचं काम आहे, एकटाच राहतो.

"एकटाच? मंग त्याचं जेवन कोन आनते?"

मी सहज तो प्रश्न इंग्रजीत करून पोरीपुढे टाकला. आमच्या आजी विचारतात म्हटलं. ती उताऱ्यावर वाकली. थोड्या वेळानं म्हणाली, "एक नावाडी आणतो. शनिवारी." मग पुन्हा उतारा पाहिला. मग एकदम वर बघून म्हणाली, "टीचर, तो जेवणासाठी उभा राहत नाही! तो त्या माणसाची वाट बघतो. आठवड्यात तेवढाच एक माणूस येतो." पर्यायांकडे तिनं पाहिलंसुद्धा नव्हतं.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या सुपातली तूर पाखडत म्हणाल्या, "मंग काय. मानसाले मानूस लागतेच."

त्या दिवसापासून तासाची रीतच पडली. पोरीनं उतारा वाचायचा, साध्या इंग्रजीत मला सांगायचा, मी तो आत्याबाईंना सांगायचा, आणि आत्याबाई एक प्रश्न विचारणार. उत्तर उताऱ्यात असेल तर ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. नसेल तर "लेखकानं सांगितलेलं नाही" असं स्पष्ट म्हणायचं. आत्याबाईंचे प्रश्न कुठल्याच गाइडात सापडायचे नाहीत. अंतराळात गेलेल्या बाईचं लेकरू कोणापाशी होतं? बर्फात हरवलेल्या कुत्र्याच्या मालकानं आधीच त्याला काहून बांधलं नाही? उत्तर नसलं की त्या लेखकावर उखडायच्या, "असा कसा लिहनारा? एवढं साधं सांगतलं नाई!" ते मी इंग्रजीत सांगितलं की पोरगी तोंडावर हात धरून हसायची.

आणि तिला वाचता येऊ लागलं. हे मी छाती पुढे काढून सांगते. फेब्रुवारीत ती उतारा संपवायच्या आधीच म्हणायला लागली, "टीचर, आजी आता हे विचारणार." निम्म्या वेळा तिचा अंदाज बरोबर निघायचा.

मार्चमध्ये तिच्या आईचा निरोप आला. या रविवारी मी बसते.

इथे मी जे केलं ते सांगायला जड जातं, पण सांगते. शनिवारी मी पुढच्या खोलीत पुस्तकांचं कपाट झाडून पुसून घेतलं. शेजारच्या घराचं वाय-फाय मागून आणलं. इस्त्रीची साडी काढली. आणि जेवताना आत्याबाईंना म्हटलं, "उद्या तुम्ही ओसरीवरच बसा बरं. मी आतून तास घेते. पोरीची आई येणार आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

रविवारी स्क्रीनवर पोरगी आणि तिच्या बाजूला तिची आई. केस घट्ट मागे बांधलेले, हात टेबलावर, नजर माझ्यावर रोखलेली. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी गळा साफ केला आणि जे इंग्रजी बोलायला लागले, ते मी जन्मात बोलले नव्हते. ओठ गोल करून, शब्द गिळून. काळाचे प्रकार, वाक्यांचे प्रकार, सगळं मांडून दाखवलं. उतारा होता कापूस वेचणाऱ्या यंत्राचा. एक चालक बसतो आणि शंभर बायांचं काम एका दिवसात उरकतो. पोरगी एकेका शब्दात उत्तरं देत होती. तिच्या आईनं एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. सगळं हातातून चाललंय हे मला कळत होतं, आणि कळत असल्यामुळे मी आणखीच ओठ गोल करत होते.

शेवटी पोरीनंच पेन खाली ठेवलं. "टीचर, आज तुम्ही परीक्षेतल्या रेकॉर्डिंगसारखं का बोलताय? आणि आजी कुठे आहेत? त्यांचा प्रश्न राहिला."

माझे कान तापले. मी फोन उचलला आणि तशीच बाहेर आले. आत्याबाई अंगणात मिरच्यांचे देठ खुडत होत्या. चला म्हटलं, पोरगी विचारतेय तुम्हाला.

"आता कायले बोलावून राह्यली? माह्यानं तुही इज्जत जाते ना?"

"चुकलं माझं," मी म्हटलं. सोळा वर्षांत मी त्यांना हे असं पहिल्यांदाच म्हटलं असेन. त्यांनी मिरचीचे हात पदराला न पुसता तसेच लांब धरले आणि ओसरीवर आपल्या जागी सुपाशेजारी येऊन बसल्या. "सांग, काय लिवलं त्यानं."

मी सांगितलं. कापसाचं नाव निघाल्यावर त्या सावरून बसल्या. चाळीस वर्षं कमरेला कापसाची ओटी बांधून वेचणी केलेली बाई. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "यंत्र आलं, ठीक. मंग त्या बाया कोठी गेल्या?"

मी ते माझ्या रोजच्या इंग्रजीत सांगितलं. पोरीनं उतारा पुन्हा वाचला, बोट फिरवत, ओळीनं. "लेखकानं सांगितलेलं नाही," ती म्हणाली. आणि नियमापलीकडे जाऊन पुढे म्हणाली, "पण त्यानं सांगायला हवं होतं."

तिच्या आईनं तिला काहीतरी विचारलं. आम्ही कशावर बोलतोय हेच असावं. पोरीनं सांगितलं. आईनं टेबलावरचे हात मांडीवर घेतले. मग हळूहळू बोलायला लागल्या. पोरगी त्यांच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचं तोंड उघडं राहिलं. आमच्याकडे वळली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता.

"आई म्हणते, त्यातली एक इथे बसली आहे."

पुढची वीस मिनिटं ती पोरगी इंग्रजी बोलत होती. एकटी. आई बोलायची, ती सांगायची. आई सोळा वर्षांची असताना गावातल्या बायांबरोबर दोन रात्री आगगाडीत बसून कापूस वेचायला गेली होती. तीन हंगाम गेली. चौथ्या हंगामाला कुणी बोलावलंच नाही, कारण यंत्र आलं होतं. मग शहरात शिवणकामाच्या कारखान्यात गेली, तिथेच लग्न झालं, तिथेच ही झाली. पोरीला कारखाना माहीत होता. कापूस माहीत नव्हता. तिचे काळ चुकत होते, भूतकाळात वर्तमान घुसत होता, आणि चुका काढण्यात कुणाला हार न जाणारी मी एकही चूक काढली नाही. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसावेसेही वाटत नव्हते.

आत्याबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी त्या बाईंचा चेहरा नीट न्याहाळला. मग विचारलं, "दिवसाले किती वेचे म्हना?"

उत्तर आलं. आकडा आत्याबाईंच्या तरुणपणच्या आकड्याहून बराच मोठा होता. "खोटी बोलते," असं मला हळूच म्हणाल्या, आणि मग स्क्रीनकडे बघून आपले दोन्ही हात वर केले, तळवे पुढे, बोटं पसरलेली, मिरचीनं लाल झालेली. बोंडाच्या काट्यांनी नखांच्या कडेला पडलेल्या बारीक रेघा त्या वयातही गेलेल्या नव्हत्या. तिकडे त्या बाईंनीही आपले हात वर केले.

तास संपायची वेळ कधीच होऊन गेली होती. मी निकालाची वाट बघत होते, हेही कबूल करते. माझ्या इंग्रजीला आज जर नकार आला असता, तर तो कायमचा मानला असता मी. त्या बाई पोरीशी दोन वाक्यं बोलल्या. पोरगी हसली.

"टीचर, आई विचारते, ती दर रविवारी माझ्याबरोबर तासाला बसली तर चालेल का? तिलाही प्रश्न विचारायचे आहेत."

आत्याबाईंनी विचारलं, काय म्हनते? मी सांगितलं.

"बस म्हना," त्या म्हणाल्या, आणि खरोखरच सूप उचलून थोड्या बाजूला सरकल्या.